उघड्या तळहाताचं देणं

मोहरीच्या मावशींनी माझ्या पुढ्यातली काठवट ओढून घेतली आणि म्हणाल्या, "तुज्या हातची भाकर एका अंगाला जाड व्हतीया. हात नीट टेकव की रं."

२०१२ चा डिसेंबर होता. लिंगाण्याचा सुळका उतरून, बोराट्याची नाळ चढून आम्ही चौघे संध्याकाळी मोहरी गावात परतलो होतो. मावशींच्या पडवीत आमचा मुक्काम वर्षानुवर्षं ठरलेला. दरवर्षी चुलीपाशी बसून एक तरी नाचणीची भाकरी थापायची ही माझी हौस, आणि ती भाकरी पाहून हसायचं हा त्यांचा हक्क. त्या दिवशी मात्र त्या हसल्या नाहीत. पिठाने माखलेला माझा उजवा हात त्यांनी उलटा केला आणि अनामिकेच्या मुळाशी अंगठा दाबला.

"हितं काय हाय?"

"घट्टा आहे मावशी. दगड पकडून पकडून होतो."

"घट्टा न्हाय ह्यो. घट्टा कातडीत असतो. ह्यो आत हाय."

हे सांगणाऱ्या बाईंच्या तळहातावर पन्नास वर्षांची भातलावणी आणि विळा होता. घट्टा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मात्र दोन वर्षं त्या जागी पॉलिश पेपर घासत होतो. सह्याद्रीत चढणारे आम्ही बहुतेक जण हातावरचे घट्टे असेच घासून सारखे करतो, नाहीतर बेसॉल्टच्या धारेवर ते फाटून निघतात. हा घट्टा घासून कमी होत नव्हता, दुखतही नव्हता. वर कातडीला लहानसा खळगा पडला होता, जणू आतून कुणीतरी टाका घालून कातडी खाली ओढली आहे. भाकरीची जाड बाजू नेमकी त्याच्याच रेषेत होती, कारण तिथून पुढे हात पिठाला टेकतच नव्हता.

हा लेख देणेकऱ्याने लिहिलेला आहे. गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्या या हाताला अनेकांचे हात लागले. धीर देणारे पुष्कळ भेटले, त्यांचेही आभार. पण मी खरा ऋणी आहे तो ज्यांनी माझा हात किती वाकला आहे हे तोंडावर सांगितलं त्यांचा. त्यांत पहिल्या या मावशी.

माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूमच्या तपासणी विभागात होती. दुसऱ्यांनी केलेला जॉब मोजायचा, टॉलरन्समध्ये बसला तर पास, नाहीतर रीवर्क किंवा रिजेक्ट. मावशींकडून परतल्यावर सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना, मी ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर तळहात पालथा ठेवला. डावा हात सपाट बसला. उजव्याची बोटं टेकली तर तळवा उचलला जाई, तळवा दाबला तर अनामिका उचलली जाई. फटीत फिलर गेजच्या पात्या घालत गेलो आणि जाडातली जाड पातीही सैल जायला लागली, तेव्हा गेज मिटवून खिशात ठेवला. आकडा कुठे लिहिला नाही. दुसऱ्याच्या जॉबमध्ये दोन शतांश मिलिमीटर जास्त दिसले तर लाल शाई काढणारा मी, स्वतःच्या हाताला न मोजताच पास करून मोकळा झालो. या आजाराची डॉक्टरी परीक्षा जवळपास अशीच असते, टेबलावर हात सपाट टेकतो की नाही, एवढीच, हे मला पुढे कळलं.

पहिल्या दवाखान्यात सांगितलं गेलं की स्नायूचा कंडरा सुजला आहे. सहा महिने मेणाचा शेक, मालीश आणि बोट मागे ओढायचे व्यायाम झाले. गाठीपासून बोटाकडे आता कातडीखाली एक कडक दोरी जाणवू लागली होती. ज्या सर्जनबाईंकडे मी शेवटी पोचलो, त्या फक्त हातांचं काम करतात. त्यांनी आधी साखर तपासायला लावली, दारू-सिगारेट विचारली, फिटची औषधं विचारली, घराण्यात कुणाची बोटं वाकलेली होती का विचारलं. मग टेबलावर हात ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, "ड्युपिट्रेन्स कॉन्ट्रॅक्चर."

मग केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढून समजावलं. तळहाताच्या कातडीखाली, कंडरांच्या वर, एक चिवट पडदा असतो. त्याच्यामुळेच आपण काही घट्ट पकडलं तरी तळव्याची कातडी सरकत नाही. या आजारात त्या पडद्यातल्या पेशी आक्रसणाऱ्या पेशी बनतात, कोलॅजनचे जाड धागे विणत जातात, आधी गाठ, मग दोरी, आणि दोरी आखडली की बोट तळव्याकडे वाकतं. बहुतेकदा अनामिका आणि करंगळी. कंडरा बिचारा निर्दोष असतो. १८३१ साली पॅरिसमध्ये गियोम ड्युपिट्रेन नावाच्या सर्जनने दारूच्या एका व्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली आणि दोष कंडरात नाही, पडद्यात आहे, हे व्याख्यानात मांडलं. म्हणून आजाराला त्याचं नाव. म्हणजे मेणाचा शेक ज्या कंडराला दिला गेला, त्याची निर्दोष मुक्तता माझ्या जन्माआधी सव्वाशेहून अधिक वर्षं झालेली होती.

"मालीश, व्यायाम, तेल, यांनी दोरी सुटत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ऑपरेशनने आजार जात नाही. हात सरळ करून देता येतो. आजार पुन्हा येऊ शकतो, त्याच बोटात किंवा दुसऱ्या. कधी येईल हे मी सांगू शकत नाही." दुसरं कुणी असतं तर 'काळजी करू नका' म्हणालं असतं. बाईंनी काळजी किती करायची ते सांगितलं. तळव्यालगतच्या सांध्याचा वाक तीस अंशांच्या आसपास गेला, किंवा बोटाचा मधला सांधा वाकायला लागला, तर उशीर करायचा नाही, कारण मुळाचा सांधा नंतरही बऱ्यापैकी सरळ होतो, मधला हट्टी असतो. तोपर्यंत फक्त मोजत राहायचं.

मी विचारलं, "चढण्यामुळे झालं का?" या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. मुख्य दोष अनुवंशाचा. पण २००५ साली ब्रिटनमध्ये क्लाइंबर्स क्लबच्या सभासदांची पाहणी झाली होती आणि तिथल्या पुरुष गिर्यारोहकांत हा आजार जास्त प्रमाणात आणि लवकरच्या वयात दिसला होता. पाहणीने कारण सिद्ध होत नाही, हेही बाईंनी लगेच सांगितलं. उत्तर युरोपातल्या लोकांत याचं प्रमाण जास्त, म्हणून याला गमतीने वायकिंगांचा आजार म्हणतात. आपल्याकडे तो कमीच. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "सात पिढ्या भोर तालुक्यातल्या, आणि आजार वायकिंगांचा!" २०२३ साली बातमी आली की या आजाराशी जोडलेले काही जनुकीय बदल थेट निअँडरथल माणसाकडून आलेले आहेत. तीही तिने वाचली. "घराणं त्याहून जुनं निघालं," एवढंच म्हणाली.

ती थट्टा करायची तेव्हाच घरातल्या बारीकसारीक गोष्टी बदलतही होती. तोंड धुताना वाकलेलं बोट नाकात जायचं. खिशात हात घातला की निघायचा नाही. नमस्काराला जोडलेल्या हातांत एक फट राहायची आणि आरतीत माझी टाळी वाजायची नाही, नुसती थप्प व्हायची. तीर्थ घ्यायला मात्र हात फार सोयीचा झाला होता, आयता द्रोण. तिने दाराच्या कड्या बदलल्या, माझ्या शर्टाचे खिसे उसवून रुंद केले. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

एवढं होऊनही चढाई चालू होती, आणि इथेच मी फसत होतो. हा आजार बोटं मिटवतो. मिटलेल्या बोटांनी होल्ड पकडायला काहीच त्रास होत नाही. उलट आकड्यासारखं बोट आयतंच अडकतं. तैलबैल्याच्या भिंतीवर मी पूर्वीसारखाच चढलो. अडायचं ते इतर ठिकाणी. चिमणीत, म्हणजे खडकातल्या अरुंद उभ्या भेगेत, दोन्ही बाजूंना तळवे लावून अंग वर ढकलायचं असतं, तिथे उजवा तळवा लागायचा नाही. सपाट, उतरत्या होल्डवर पंजा पसरून नुसत्या घर्षणावर उभं राहायचं असतं, तिथे पंजाच पसरायचा नाही. मग मी तशा वाटा टाळायला लागलो आणि टाळतोय हे स्वतःला कळू दिलं नाही.

ते कळलं दादाला. आमच्या चढाईच्या क्लबात त्याला सगळे दादाच म्हणतात, आणि छापील कागदावर नाव आलेलं त्याला खपायचं नाही, म्हणून इथेही दादाच. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तेव्हा आम्हाला एका रोपवर पंचवीस वर्षं झाली होती. तो लीड, मी त्याचा बिलेअर. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर चढणाऱ्याच्या कमरेला रोप असतो. वर जाताना तो रोप एकेका बोल्टात अडकवत जातो. खाली उभा माणूस त्या रोपचं दुसरं टोक बिले डिव्हाइसमधून हातात धरतो. चढणारा वर सरकेल तसा रोप द्यायचा आणि तो पडला तर धरायचं. चढणाऱ्याचा जीव खालच्या माणसाच्या ब्रेकच्या हातात असतो. माझा ब्रेकचा हात उजवा.

२०१६ च्या पावसाळ्यात, शहरातल्या कृत्रिम भिंतीवर, सरावाच्या सगळ्या पोरांसमोर दादा म्हणाला, "आज तुझी परीक्षा घ्यायची आहे." एका तरण्या पोराला माझ्या मागे उभं केलं, रोपचं शेपूट त्याच्या हातात दिलं. "काका चुकले तर तू धर. नाही चुकले तर हातसुद्धा लावायचा नाही." मग मला म्हणाला, "तीनदा पडणार. पहिल्यांदा सांगून. पुढचं सांगणार नाही."

पहिल्यांदा तो चौथ्या बोल्टवरून सांगून पडला. धरला. दुसऱ्यांदा बोलता बोलता पडला. धरला. तिसऱ्यांदा पाचवा बोल्ट पार करून, रोप अडकवायला हात लांबवला असताना पडला. तेव्हाही धरला. मागच्या पोराच्या हाताला रोपचा ताण लागलाच नाही. मी घामाने निथळत होतो, पण मनातून खूश होतो. दादा खाली आला, गाठ सोडली, आणि मला बाजूला बाकावर घेऊन बसला.

"पडलेल्याला धरतोस," तो म्हणाला. "पण चढणाऱ्याला रोप देताना अडतोस. दोनदा मी क्लिप करायला रोप ओढला आणि तो आलाच नाही. तुझ्या बोटात अडकला होता. तुला कळलं का?"

मला कळलं नव्हतं. रोप द्यायचा म्हणजे ब्रेकचा हात रोप न सोडता त्यावरून सरकवायचा. तो सरकायला मूठ जराशी ढिली व्हावी लागते. माझी होत नव्हती. वर भिंतीला चिकटलेल्या माणसाला ऐन क्लिपच्या वेळी रोप आला नाही, की तोल जातो आणि तोही सर्वांत वाईट जागी, कारण तेव्हा तो शेवटच्या बोल्टच्या बराच वर असतो.

"आजपासून लीड बिले बंद," दादा म्हणाला. "वरून रोप असेल तर चालेल. आणि ब्रेकला मदत करणारं ग्रिग्री डिव्हाइस वापरायचं. ऑपरेशन करून ये, परत परीक्षा घेऊ."

मी काही दिवस त्याच्याशी बोललो नाही. पंचवीस वर्षं ज्याला धरलं त्यानेच सगळ्यांदेखत मला नापास केलं होतं. राग ओसरल्यावर मला दिसलं ते असं: ज्या हातावर त्याला शंका होती, त्या हाताच्या भरवशावर तो तीनदा पडला होता. मागे पोरगा उभा होता, हे खरं. पण पडला तो माझ्या हातावर. शंका मनात ठेवून त्याने नुसता बिलेअर बदलला असता, तर मला कधी कारण कळलं नसतं आणि मी ते विचारलंही नसतं.

२०१७ च्या जानेवारीत ऑपरेशन झालं. सुईने दोरी तोडायचा लहान उपाय असतो. बोट सैल होतं आणि माणूस लवकर कामाला लागतो, पण आजार परत यायची शक्यता जास्त. माझ्या करंगळीचा मधला सांधाही आत आला होता, म्हणून बाईंनी पडद्याचा दोरी झालेला भाग कापून काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा चित्र काढलं. बोटाची संवेदनेची नस अशा हातात आपली जागा सोडते, दोरीभोवती वेढा घालून मध्ये आणि वर कातडीजवळ येते. घाईने कापलं तर आधी नस कापली जाते. "म्हणून वेळ लागेल," त्या म्हणाल्या. रोपचा गुंता सोडवताना पहिला नियम हाच असतो, टोक सापडेपर्यंत काही ओढायचं नाही. मी निर्धास्त सही केली.

शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "नस सुरक्षित आहे. अनामिका पूर्ण सरळ आली. करंगळी नाही आली, वीस अंश राहिले. त्याहून ओढलं असतं तर रक्तपुरवठा धोक्यात आला असता." हे वीस अंश त्यांनी लपवले असते तर भूल उतरणाऱ्या माणसाला काय कळणार होतं?

टाके काढल्यावर मी एका हस्तोपचार तज्ज्ञ मुलीच्या ताब्यात गेलो. माझ्या लेकीच्या वयाची. प्लास्टिकचा पांढरा पत्रा तिने गरम पाण्यात टाकला. तो पोळीसारखा मऊ पडला. तो माझ्या हातावर दाबून धरत तिने रात्री बांधायचा स्प्लिंट बनवला. "सगळ्यांना लागतोच असं नाही, काका. पण तुमच्या करंगळीवर माझा विश्वास नाही." दर आठवड्याला ती कोनमापक बोटावर ठेवायची आणि वहीत आकडा लिहायची. मी हळूच डाव्या हाताने बोट मागे ओढून धरायचो. तिने एकदा पाहिलं.

"काका, ओढून मोजायचं नाही. बोट स्वतःहून जेवढं सरळ होतं तेवढंच लिहायचं."

हे एका तपासनीसाला सांगितलं गेलं! त्या आठवड्यापासून मीच घरी वही केली. रोज रात्री, ओढाताण न करता. तीन महिने चढाई बंद, व्रणाला व्हॅसलीन लावून मालीश, मऊ स्पंज दाबायचा, बाटलीचं झाकण उघडायचं, मग पिळायला ओला रुमाल. पहिल्यांदा टाळी वाजली ती एप्रिलमध्ये, शेजारच्यांच्या बारशाला. बायकोने वळून पाहिलं आणि परत पाळण्याकडे वळली.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादाने परीक्षा घेतली. तीनदा पडला, आणि मधे मधे मुद्दाम झटक्याने रोप ओढत राहिला. एकदाही अडला नाही. खाली उतरून म्हणाला, "रीवर्क करून पास." माझ्या धंद्यातले शब्द त्याने कधी उचलले होते कोण जाणे.

आता गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. २०२२ मध्ये उजव्या करंगळीत दोरी पुन्हा आली, आणि डाव्या तळहातावर अनामिकेच्या मुळाशी एक नवी गाठ. या वेळी पॉलिश पेपर लावला नाही. त्याच आठवड्यात वहीत पहिला आकडा लिहिला. चढतो अजून, वयाप्रमाणे बेताने. चिमण्या टाळतो, पण टाळतोय हे रोपवरच्या प्रत्येकाला आधी सांगतो. बिलेला उभा राहण्याआधी हात खडकावर पालथा ठेवून जोडीदाराला दाखवतो. नवी पोरं आधी हसली, मग त्यांनीही आपापले हात ठेवून बघितले. गेल्या मोसमात त्यांतल्या एकाच्या डाव्या हातावर न झिजणारा घट्टा निघाला. वय एकोणतीस.

मोहरीला मी अजून डिसेंबरात जातो. मावशी आता थकल्या आहेत, चुलीपाशी सून बसते, पण माझी भाकरी पाहायला त्या उठून येतात. गेल्या वर्षी भाकरी हातावर घेऊन त्यांनी कडेने बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "करंगळीकडं जराशी जाड हाय." मी खिशातली वही काढून पाहिली. करंगळी, पंचवीस अंश.

तुमच्या तळहातावर न दुखणारा, न झिजणारा घट्टा असेल, तर आज जेवण झाल्यावर टेबल पुसा आणि दोन्ही हात पालथे ठेवून बघा. हात टेकत नसेल तर हाताच्या डॉक्टरांकडे जा. टेकत असेल, तर ज्यांच्यामुळे तो इतकी वर्षं टेकतो आहे त्यांपैकी एकाला फोन करा.